सम्राट, सेनापती आणि न दाखवलेली छावणी : रोममधील एका पायी फेरीचे परीक्षण

रोममध्ये प्राचीन अवशेष दाखवणाऱ्या पायी फेऱ्यांना तोटा नाही. परंतु आम्ही चौकशी केलेल्या बहुतेक फेऱ्या कलोसियमपाशी सुरू होत होत्या आणि ग्लॅडिएटरांच्या झुंजी व नीरोचे चाळे यांपलीकडे फारशा जात नव्हत्या. गेल्या ऑक्टोबरात मी आणि माझी थोरली बहीण ज्या फेरीला गेलो, तिने कलोसियम जवळजवळ वगळलेच होते. सम्राट आणि त्याचे सैन्य या एकाच विषयाभोवती चार तास फिरवायचे, असा तिचा बेत होता. माणशी ८५ युरो, फोरमचे तिकीट त्यातच, गटात जास्तीत जास्त १२ माणसे (आम्ही ९ जण होतो) आणि निवेदन इंग्रजीतून. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे तिच्याविषयी एक तक्रारही मांडायची आहे.

सुरुवातीलाच मार्गदर्शिकेने प्रत्येकाच्या तळहातावर एक नाणे ठेवले. सम्राट क्लॉडियसच्या सोन्याच्या नाण्याची ती पितळी प्रतिकृती होती. एका बाजूला सम्राटाचा चेहरा. दुसऱ्या बाजूला दातेरी माथ्याची तटबंदी, तिच्या आत ध्वजदंड घेऊन उभा असलेला एक सैनिक आणि ‘इम्पेर रेसेप्त’, म्हणजे ‘सम्राटाचा स्वीकार झाला’, अशी अक्षरे. ही तटबंदी म्हणजे रोमच्या वेशीवरची प्रिटोरियन रक्षकदलाची, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षकांची, छावणी. इ. स. ४१ च्या जानेवारीत सम्राट कॅलिगुलाचा खून झाला, तेव्हा राजवाड्यात पडद्यामागे लपून बसलेल्या त्याच्या काकाला, म्हणजे क्लॉडियसला, एका रक्षकाने शोधून काढले आणि त्याला उचलून याच छावणीत नेले. सिनेटमध्ये पुढे काय करावे याचा खल चालू असतानाच इकडे क्लॉडियसने प्रत्येक रक्षकाला १५,००० सेस्टर्स (रोमन नाणी) देण्याचे कबूल केले होते. त्या काळी लीजनमधल्या, म्हणजे रोमन सैन्याच्या मुख्य पलटणींतल्या, साध्या शिपायाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स होता, हे लक्षात घेतले की या रकमेचे वजन कळते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे सगळ्याच राजवटींत खरे असते. पण ही गोष्ट नाण्यावर कोरून गावभर वाटणारा राजा विरळाच. ‘ही भिंत आपण शेवटी प्रत्यक्ष पाहणार आहोत,’ असे मार्गदर्शिकेने सांगितले, आणि माहितीपत्रकातही शेवटचा थांबा तोच छापलेला होता.

पहिला थांबा रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या शांतिवेदीच्या इमारतीपाशी होता, मात्र आत जायचे नव्हते. व्हिया दी रिपेत्ता या रस्त्याच्या कडेला, इमारतीच्या पायाच्या भिंतीवर, ऑगस्टसने स्वतः लिहिलेला आपल्या कारकिर्दीचा अहवाल लॅटिनमध्ये कोरला आहे. मूळ लेख समोरच्याच त्याच्या समाधीपुढे ब्राँझच्या दोन खांबांवर होता. ते खांब नाहीसे झाले आणि मजकूर आज आपल्याला ठाऊक आहे तो मुख्यतः अंकारा येथील एका देवळाच्या भिंतींमुळे. बहुतेक प्रवासी या भिंतीला पाठ टेकवून आइस्क्रीम खातात. मार्गदर्शिकेने मात्र आम्हाला येथे तब्बल अर्धा तास उभे केले आणि त्या अक्षरांच्या रानातून मोजक्या ओळी वाचून दाखवल्या. सुमारे ५ लाख रोमन नागरिकांनी माझ्या नावाने सैनिकी शपथ घेतली. त्यांपैकी ३ लाखांहून अधिक जणांना सेवा संपल्यावर मी वसाहतींत वसवले किंवा त्यांच्या गावी परत पाठवले. त्यांच्यासाठी इटलीत जमिनी घ्यायला सुमारे ६० कोटी सेस्टर्स आणि प्रांतांत सुमारे २६ कोटी सेस्टर्स मोजले. सैनिकांच्या निवृत्तीसाठी काढलेल्या नव्या कोषात १७ कोटी माझ्या पदरचे घातले. माझी बहीण आयुष्यभर सरकारी लेखा विभागात होती. ‘अगं, हा पराक्रम कसला, हा तर ताळेबंद आहे,’ असे ती मराठीत म्हणाली आणि मी त्याचा अनुवाद केल्यावर मार्गदर्शिका एवढी खूश झाली की पुढचे तीन तास हिशेबाची गोष्ट आली की ती आधी ताईकडे पाहत होती.

ताईचा शेरा नेमका होता. ऑगस्टसच्या आधीच्या शतकात रोमन शिपायाला निवृत्तीनंतर जमीन मिळवून द्यायचा तो त्याचा सेनापती. त्यामुळे शिपायाची निष्ठा राज्याला नव्हे, तर सुल्लाला, पॉम्पीला, सीझरला होती आणि यादवी युद्धांचे मूळ तेथेच होते. इ. स. ६ मध्ये निवृत्तिकोष स्थापून आणि तो चालू राहावा म्हणून वारसाहक्काच्या मालमत्तेवर शेकडा ५ कर बसवून ऑगस्टसने ही गाठ सोडवली. सैनिकाचे पोट आता सेनापतीच्या नव्हे, सम्राटाच्या हाती आले. या अहवालात मोहिमांची वर्णने भरपूर आहेत. पण त्या लढणाऱ्या सेनापतींची नावे शोधू गेल्यास सावत्र मुलगा टायबेरियस सोडला तर फारसे कोणी सापडत नाही. बाकी सारे ‘माझ्या आज्ञेने’.

तेथून कोर्सो रस्त्याने दक्षिणेकडे चालत जाताना सम्राट मार्कस ऑरिलियसचा स्तंभ लागतो. तेथे आम्ही पाचच मिनिटे थांबलो आणि ते योग्यच होते, कारण त्या चौकात गर्दी व पहारा इतका असतो की मान वर करून उभे राहणे कठीण. एवढ्या वेळात मार्गदर्शिकेने अव्हिडियस कॅसियसची हकीकत सांगितली. मार्कस मेला अशी अफवा इ. स. १७५ मध्ये पसरली आणि पूर्वेच्या या कर्तबगार सेनापतीने स्वतःला सम्राट घोषित केले; अफवा खोटी ठरल्यावर परतीची वाट उरली नाही आणि तीनेक महिन्यांत त्याच्याच माणसांनी त्याचा जीव घेतला. विश्वासातला सेनापतीसुद्धा एका अफवेच्या अंतरावर उभा असतो, हे त्या पाच मिनिटांत कळले.

फेरीचा खरा कस लागला तो सम्राट ट्रेजनच्या स्तंभापाशी. या स्तंभाचे अडचणीचे रहस्य असे की तो खालून दिसतच नाही. सुमारे ३० मीटर उंचीच्या दांड्यावर गुंडाळलेली शिल्पपट्टी साधारण २०० मीटर लांब आहे, तिच्यावर अडीच हजारांहून अधिक माणसे कोरलेली आहेत आणि नुसत्या डोळ्यांनी तिचे पहिले पाच-सहा वेढेच नीट वाचता येतात. संस्थेने येथे प्रत्येकाला छोटी दुर्बीण दिली. ८५ युरोंपैकी निम्मे तरी या दुर्बिणीमुळे वसूल झाले, असे मी म्हणेन.

इ. स. ११३ मध्ये उभारलेल्या या स्तंभावर ट्रेजनच्या डेशियामधील (आजच्या रोमानियातील) दोन युद्धांची कथा आहे. तळाशी डॅन्यूब नदीचा दाढीवाला देव पाण्यातून अर्धा वर आला आहे आणि त्याच्या देखत होड्यांच्या पुलावरून शिपाई नदी ओलांडत आहेत; प्रत्येकाच्या खांद्यावर काठी आणि काठीला बांधलेले भांडे व पिशवी. ट्रेजन या पट्टीवर जवळजवळ ६० वेळा येतो. मी दुर्बिणीतून त्याला शोधत गेले, तेव्हा एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. तो कोठेही तलवार चालवत नाही. तो ओट्यावर उभा राहून सैनिकांशी बोलतो, डुक्कर, मेंढा आणि बैल यांचा बळी देतो, तटबंदीचे बांधकाम पाहतो, शरण आलेल्यांना भेटतो. एका ठिकाणी शिपाई शत्रूची कापलेली मुंडकी त्याच्यासमोर धरतात आणि तो पाहून घेतो. आकारानेही तो इतरांपेक्षा फारसा मोठा नाही. मात्र आजूबाजूच्या माणसांच्या माना त्याच्याकडे वळलेल्या असतात, आणि तेवढ्यावरून तो ओळखू येतो. सैनिकांतलाच एक, पण सगळ्यांनी ज्याच्या तोंडाकडे पाहावे असा एक, ही प्रतिमा किती विचारपूर्वक घडवली आहे, हे मार्गदर्शिकेने एकेक प्रसंग दाखवून पटवले. लढाईपेक्षा रस्ते, पूल, कोट आणि जखमा बांधणारे वैद्य यांनाच येथे अधिक जागा आहे, हेही तिने दाखवले.

येथेच मला तिची पहिली उणीव जाणवली. काही वेढे वर गेल्यावर पिळदार केसांचे मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले, स्वार लगामावाचून घोडे फेकताना दिसतात. हा तिचा आवडता प्रसंग असावा. ती त्या घोड्यांबद्दल खूप बोलली. परंतु या स्वारांचा नायक लुसियस क्वायटस, जो डेशियात गाजला, पार्थियाच्या (तेव्हाच्या इराणी साम्राज्याच्या) स्वारीत ट्रेजनचा उजवा हात ठरला आणि ट्रेजनच्या मृत्यूनंतर वर्षभरात, हेड्रियन गादीवर येताच, कटाचा आरोप ठेवून आणखी तीन माजी कॉन्सलांबरोबर (रोमच्या सर्वोच्च पदावर राहिलेल्यांबरोबर) मारला गेला, त्याचे नाव तिने घेतले नाही. विषय सम्राट आणि सैन्य असा असेल, तर मधला सेनापती हाच त्यातला सर्वांत अडचणीत सापडलेला माणूस आहे. तो हरला तर दोषी, आणि फार जिंकला तर अधिकच दोषी. नीरोने आपला सर्वोत्तम सेनापती कॉर्बुलो याला इ. स. ६७ मध्ये ग्रीसला बोलावून घेतले आणि बंदरावर उतरताच आत्महत्येचा हुकूम हाती ठेवला. ही हकीकतही फेरीत आली नाही. मी विचारले, तेव्हा तिने प्रामाणिकपणे सांगितले की चार तासांत काही तरी गाळावेच लागते. मान्य आहे, पण मग मूर घोड्यांची दहा मिनिटे थोडी आखडती घेता आली असती.

आम्ही भारतातून आलो आहोत हे कळल्यावर तिने ट्रेजनची एक गोष्ट आवर्जून सांगितली. इ. स. ११६ मध्ये तो इराणच्या आखातापर्यंत पोहोचला, भारताकडे निघालेले एक जहाज त्याने पाहिले आणि तरुण असतो तर मीही गेलो असतो, असे तो म्हणाला. पहिल्या शतकातल्या, व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या एका ग्रीक पुस्तकात सोपारा आणि कल्याण यांची नावे आहेत, हे मी तिला सांगितले. ते जहाज कोठल्या बंदराला जात होते याबद्दल आम्ही दोघींनी थोडी कल्पनाशक्ती खर्च केली आणि पुढे निघालो.

ऑगस्टसच्या फोरमपाशी ती पुन्हा रंगात आली. सूड घेणाऱ्या मार्स देवाचे हे देऊळ इ. स. पू. २ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या ओवऱ्यांत रोमच्या जुन्या विजयी सेनापतींचे पुतळे त्यांच्या कर्तृत्वाच्या लेखांसह मांडले होते. प्रांतावर निघालेला अधिकारी येथून निघे. युद्धाचा आणि विजय-मिरवणुकीचा विचार करायला सिनेट येथे भरे. मेलेल्या सेनापतींचा असा सन्मान होत असताना जिवंत सेनापतींचे काय झाले होते? राजघराण्याबाहेरच्या माणसाची शेवटची विजय-मिरवणूक रोमने इ. स. पू. १९ मध्ये पाहिली होती. ज्या प्रांतांत लीजन होत्या, त्यांतले बहुतेक सम्राटाच्या नावे होते आणि तेथे जाणारा सेनापती हा त्याचा केवळ प्रतिनिधी होता; श्रीमंत इजिप्तमध्ये तर सिनेटच्या सभासदाला परवानगीवाचून पाऊल ठेवता येत नसे. हा भाग तिने अतिशय उत्तम सांगितला. दुर्दैवाने रस्त्यावरच्या बसगाड्यांच्या आवाजात कानयंत्र खरखरत होते आणि मागे उभ्या असलेल्या दोघांना काही ऐकू आले नाही. संस्थेने ही यंत्रे बदलायला हवीत.

त्यानंतर मुख्य फोरम. सिनेटची इमारत बाहेरूनच पाहून आम्ही सेव्हेरसच्या कमानीजवळच्या एका दगडाच्या अवशेषापाशी गेलो. साम्राज्याच्या रस्त्यांचे प्रतीक असलेला ऑगस्टसचा सुवर्णस्तंभ येथेच कोठे तरी होता. इ. स. ६९ च्या १५ जानेवारीला सकाळी, सम्राट गॅल्बाविरुद्ध उठलेला ऑथो येथे आला, तेव्हा त्याला सम्राट म्हणून जयघोष करायला फक्त २३ रक्षक जमले होते. एवढे थोडे पाहून तो स्वतःच घाबरला, असे रोमन इतिहासकार सांगतात. त्याला पालखीत घालून छावणीत नेले, आणि दुपारपर्यंत सगळे रक्षकदल त्याच्या बाजूला होते. म्हातारा सम्राट गॅल्बा याने रक्षकांना कबूल झालेली बक्षिशी दिली नव्हती; मी सैनिक निवडतो, विकत घेत नाही, हे त्याचे उत्तर होते. मार्गदर्शिका बोलत बोलत आम्हाला शे-दीडशे पावले पुढे घेऊन गेली आणि एका छपराखालच्या खोलगट फरसबंदीपाशी थांबली. हे कुर्टियस तळे. याच्याजवळ गॅल्बाची पालखी वाहणाऱ्यांनी ती टाकून दिली आणि येथेच त्याला मारले. सकाळच्या त्या दगडापासून या तळ्यापर्यंतचे अंतर पायाने मोजल्यावर, सत्ता किती थोड्या जागेत हात बदलते, हे कोणत्याही नकाशापेक्षा स्पष्ट होते. त्यानंतर आपणच गॅल्बाला मारले म्हणून बक्षीस मागणारे १२० हून अधिक अर्ज आले. ते कागद पुढे सम्राट झालेल्या व्हिटेलियसच्या हाती लागले आणि त्याने सगळ्या अर्जदारांना शोधून ठार केले. ‘अर्ज दप्तरी दाखल केला की असेच होते,’ ताई म्हणाली. या वेळी मी अनुवाद केला नाही.

त्याच वर्षी जर्मन सरहद्दीवरच्या लीजनांनी व्हिटेलियसला आणि पूर्वेकडच्या लीजनांनी व्हेस्पेशियनला सम्राट केले. एका वर्षात चार सम्राट झाले आणि सम्राट रोमबाहेरही करता येतो हे सगळ्या सरहद्दींना कळून चुकले. हे सांगताना मार्गदर्शिकेने पुन्हा ते नाणे वर धरले. छावणीची भिंत आता सगळीकडे आहे, असे ती म्हणाली. वाक्य चांगले होते. माझी तक्रार त्या वाक्यानंतर सुरू होते.

सेप्टिमियस सेव्हेरसची इ. स. २०३ ची कमान तिने बारकाईने दाखवली. वरच्या लेखाच्या चौथ्या ओळीत दगड किंचित खोल गेलेला दिसतो आणि आताच्या अक्षरांशी न जुळणारी जुनी भोके त्यात आहेत. त्या जागी धाकटा मुलगा गेटा याचे नाव होते, इ. स. २११ मध्ये थोरल्या कॅराकॅलाने त्याचा खून केला, ब्राँझची अक्षरे उपटली आणि तेथे ‘सर्वोत्तम आणि सर्वांत शूर’ अशा गुणगौरवाची ओळ बसवली. दुर्बिणीतून ती भोके मोजताना माझी मान अवघडली, पण ती जागा सोडवेना. मरताना सेव्हेरसने मुलांना केलेला उपदेश प्रसिद्ध आहे: एकमेकांशी पटवून घ्या, सैनिकांना श्रीमंत करा, बाकीच्यांची पर्वा करू नका. मुलांनी मधले तेवढे ऐकले.

इ. स. १९३ चा लिलावही तिने येथेच सांगितला. सम्राट पर्टिनॅक्सला मारल्यावर रक्षकांनी छावणीच्या तटावरून साम्राज्य विक्रीला काढले. आतून एक जण बोली लावत होता, बाहेरून डिडियस ज्युलियानस. प्रत्येक रक्षकामागे २०,००० सेस्टर्सच्या बोलीवर २५,००० ची बोली चढली आणि दार उघडले. ६६ दिवसांनी ज्युलियानस मारला गेला. डॅन्यूबकडून आलेल्या सेव्हेरसने त्या रक्षकांना निःशस्त्र बोलावून घेरले, सगळ्यांना बडतर्फ केले आणि आपल्या लीजनांतली माणसे त्यांच्या जागी घातली. ही कथा जेथे घडली त्या भिंतीखाली ती ऐकायची होती. परंतु टायटसची कमान घाईने ओलांडून आम्ही कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी पोहोचलो, तेव्हा चार तास उलटून गेले होते. छावणी येथून दूर पडते आणि गट थकलेला असतो, म्हणून तो थांबा हल्ली घेत नाहीत, असे तेथे सांगण्यात आले. मग तो माहितीपत्रकात का छापता, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. मार्गदर्शिकेचा यात दोष नसावा. ती ओशाळलेली दिसली आणि नाणी आमच्याकडेच राहू द्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी स्वतःच गेलो. तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्थानकाहून मेट्रोच्या बी मार्गाने कास्त्रो प्रेतोरियो हे पहिलेच स्थानक आहे. रोममध्ये आणि आसपास विखुरलेल्या रक्षक-तुकड्या त्यांचा प्रमुख सेजानस याने सम्राट टायबेरियसच्या काळात येथे एकत्र आणल्या. पुढे सम्राट ऑरेलियनने तिसऱ्या शतकात शहराचा नवा तट बांधला तेव्हा छावणीच्या भिंती त्यात सामावून घेतल्या. इ. स. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाइनने रक्षकदल कायमचे मोडले आणि शहराकडे तोंड करून असलेली भिंत पाडली. त्या बाजूला आज राष्ट्रीय ग्रंथालय आहे. उरलेल्या आवारात अजूनही इटालियन सैन्याची बराक आहे, त्यामुळे आत जाता येत नाही.

या फेरीला जावे असेच मी सांगेन. मार्गदर्शिका जाणकार आहे आणि दुर्बिणीची सोय दुसरीकडे आम्हाला दिसली नाही. मात्र आरक्षण करताना छावणीचा थांबा घेणार की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. घेणार नसतील, तर दुसऱ्या सकाळचा एक तास राखून ठेवावा आणि उत्तरेच्या बाजूने, व्हियाले देल पोलिक्लिनिको या रस्त्यावरून भिंत पाहावी. टायबेरियसच्या काळची पातळ विटांची भिंत बुटकी आहे. तिच्या माथ्यावरचे दाते नंतर चढवलेल्या बांधकामात चिणले गेले आहेत आणि त्यांच्या कडा तेवढ्या ओळखू येतात. अगदी जवळ उभे राहिल्यास नुसत्या विटा दिसतात, म्हणून पलीकडच्या पदपथावर जावे. सकाळचे ऊन तिरपे असताना ते दाते एकेक करून दिसू लागतात.